सहलीची बर्फाची पेटी: घ्यावी कशी, वापरावी कशी?

(नभोवाणीवरील भाषण)

मे महिन्यांतील एखाद्या शनिवारीं सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे मांडव्यास निघालेल्या कुटुंबांचें सामान पाहण्यासारखें असतें. मोटारींसह माणसें नेणारी मोठी बोट मार्च २०२० मध्यें या मार्गावर सुरू झाली, आणि तेव्हांपासून अलिबाग, नागांव, रेवदंडा, काशीद, मुरुड हीं ठिकाणें मुंबईकरांस अंगणांत आल्यासारखीं वाटूं लागलीं आहेत. पुण्याची मंडळी ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर येथें जातात. चटया, चेंडू, मुलांचे जादा कपडे यांच्या जोडीला हल्लीं बहुतेक मोटारींतून एक वस्तु हटकून दिसते. ती म्हणजे बर्फाची पेटी. दुकानदाराच्या भाषेंत 'आइस बॉक्स'. जातांना तींत पाणी, सरबत, ताक आणि दहीभात असतो; येतांना तींतच रविवारीं बाजारांत घेतलेली सुरमई, बांगडा किंवा कोळंबी असते.

जातांना पेटीनें दगा दिला तर सरबत कोमट प्यावें लागतें, एवढेंच. परतीच्या वाटेवरील दगा मात्र महाग पडतो. मुरुडहून दुपारीं निघालेली मोटार वडखळच्या नाक्यावर वाहनांच्या रांगेंत अडकते, घरीं पोंचावयास रात्र होते, आणि पेटी उघडून पाहावी तों बर्फाचा पत्ता नसतो. कोमट पाण्यांत मासळी तरंगत असते. कित्येक घरीं अशा वेळीं ती मासळी धुऊन, जास्त हळद-मीठ लावून, चांगली परतून खाल्ली जाते. बांगडा, सुरमई, कुपा या जातींच्या मासळीबाबत हें धाडस करण्यासारखें नाहीं. मासळीस ऊब लागली कीं जिवाणूंच्या क्रियेनें तींत हिस्टामीन नांवाचें द्रव्य तयार होतें. तें शिजवून किंवा तळून नाहींसें होत नाहीं, आणि तें असतांहि वास व रूप कधीं कधीं चांगलें राहतें. खाणाराच्या अंगावर लाली चढणें, डोकें ठणकणें, उलट्या होणें हे त्याचे परिणाम. म्हणून पेटी ही सहलीची हौस नसून अन्नाच्या रक्षणाचें साधन आहे असें समजूनच तिची निवड केली पाहिजे.

निवड करण्यापूर्वीं एक गोष्ट मनांत पक्की व्हावयास हवी. पेटी थंडी निर्माण करीत नाहीं. धनगराच्या घोंगडींत स्वतःची ऊब मुळींच नसते. अंगांतली ऊब बाहेर जाऊं न देणें एवढेंच तिचें काम. तीच घोंगडी बर्फाच्या लादीभोंवतीं गुंडाळली तर ती बाहेरची ऊब आंत जाऊं देत नाहीं, आणि बर्फ टिकतो. पेटी ही अशीच एक टणक घोंगडी होय. थंडावा बर्फाचा, पेटीनें त्यास फक्त वेळ मिळवून द्यावयाचा. जी पेटी अधिक वेळ मिळवून देते ती चांगली. रंग, चित्रें, पेले ठेवण्याच्या खांचा, झांकणांत बसविलेलें बाटली उघडण्याचें साधन, या साऱ्यांचा या मुख्य कामाशीं कांहीं संबंध नाहीं.

आपल्याकडे थंडाव्याचें खरें जुनें साधन म्हणजे मातीचा माठ. माठ मात्र खरोखरच पाणी थंड करतो, कारण त्याच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातांना आंतील उष्णता घेऊन जातें. परंतु त्यास कोरडी हवा लागते. सोलापूरकडील माठाचें पाणी वैशाखांत जसें लागतें, तसें अलिबागेस लागत नाहीं. किनाऱ्याची हवा आधींच बाष्पानें भरलेली असल्यामुळें माठाचें पाणी तींत हळूहळू उडतें. म्हणूनच समुद्रकांठीं बर्फावांचून गत्यंतर नाहीं, आणि बर्फ म्हटला कीं पेटी आली.

बर्फ झांकून टिकविण्याची ही विद्या मुंबईस जवळजवळ दोनशें वर्षांची परिचित आहे. अमेरिकेंतील बोस्टन येथील फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी हिंवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून जहाजांतून दूरदेशीं पाठवी. १८३३ सालीं त्याचें 'टस्कनी' नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालें आणि चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचलें, तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. विषुववृत्त दोनदां ओलांडून झालेला हा प्रवास लाकडी फळ्या व त्यांच्यामध्यें ठासलेलें भरण यांच्या बळावर पार पडला. पुढच्याच वर्षीं, १८३४ सालीं, अमेरिकेचा बर्फ मुंबईस आला. जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या मेजवानींत तेव्हां आइस्क्रीम वाढलें, आणि तें खाऊन यजमान व पाहुणे दोघांसहि पडसें झालें, अशी आख्यायिका आहे. मद्रासेस १८४२ सालीं बांधलेलें ट्यूडरचें बर्फघर आजहि समुद्रकिनाऱ्यावर उभें असून विवेकानंदांच्या नांवानें ओळखलें जातें. बर्फ करण्याचीं यंत्रें आलीं आणि हा व्यापार संपला. पण त्यानें शिकविलेला धडा संपला नाहीं. भोंवतालचा थर जाड, कोरडा आणि हवेनें भरलेला असावा. सांठा एकत्र व मोठा असावा. आणि वितळलेलें पाणी व बाहेरचा वारा यांची वाट आपल्या ताब्यांत असावी. आजच्या पेटीचेंहि सारें शास्त्र एवढेंच आहे.

आतां हिशेब पाहूं. एक किलो बर्फ वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेनें एक किलो पाणी शून्य अंशापासून ८० अंशांपर्यंत तापेल. हा ८० चा आंकडा लक्षांत ठेवला कीं पेटीचें सर्व गणित घरच्या घरीं मांडतां येतें. उदाहरणार्थ, ६ लिटर पाणी ३२ अंशांवरून ५ अंशांपर्यंत उतरवावयाचें आहे. ६ ला २७ नें गुणिलें म्हणजे १६२ झाले. त्यांस ८० नें भागिलें म्हणजे दोन किलो बर्फ. अर्थात् कोमट बाटल्या पेटींत भरल्या कीं दोन किलो बर्फ प्रवास सुरू होण्यापूर्वींच खर्ची पडला. त्याच बाटल्या आदल्या रात्रीं घरच्या शीतकपाटांत ठेवल्या असत्या तर हा बर्फ वांचला असता. पेटी वाईट निघाली अशा ज्या तक्रारी होतात, त्यांपैकीं पुष्कळ तक्रारींचें मूळ पेटींत नसून या कोमट बाटल्यांत असतें.

यानंतर भिंतींचा खर्च. बाजारांत मुख्यतः तीन प्रकारच्या पेट्या मिळतात. पहिली पांढऱ्या थर्मोकोलची साधी पेटी. दुसरी दोन प्लास्टिकच्या भिंतींच्या पोकळींत पॉलियुरेथेनचा फोम भरलेली मध्यम पेटी. तिसरी त्याच फोमची, पण जाड भिंतींची, एकाच सांच्यांत फिरवून ओतलेल्या भक्कम प्लास्टिकची पेटी. मासळीच्या धक्क्यांवर ज्या मोठ्या पेट्या दिसतात त्या याच जातीच्या. तिन्ही पेट्यांत आंतून ३० लिटर जागा आहे, बाहेर ३२ अंश उष्णता आहे आणि पेटी सावलींत आहे असें धरूं. थर्मोकोलची भिंत २ सेंटिमीटर जाड असेल तर केवळ भिंतींवाटे शिरणारी उष्णता चोवीस तासांत सुमारें ९ किलो बर्फ वितळवील. ३ सेंटिमीटर फोमच्या पेटींत साडेचार किलो वितळेल. ५ सेंटिमीटर फोमच्या पेटींत तीन किलो. प्रत्यक्ष वापरांत सांधे व झांकण यांमुळें हे आंकडे थोडेफार वाढतात. पण त्यांचें परस्पर प्रमाण हेंच राहतें. यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी कीं थर्मोकोलवरून चांगल्या फोमवर गेलें असतां खर्च निम्म्यावर येतो. हा लाभ मोठा आहे. दुसरी अशी कीं त्यापुढें जाडी वाढवीत गेलें तर लाभ होतो, पण पूर्वींइतका नाहीं. पेटी मात्र आंतून तेवढीच राहून बाहेरून अवजड होते.

फोमचें रहस्य फोमांत नसून त्यांतील बारीक बारीक पोकळ्यांत कोंडलेल्या हवेंत किंवा वायूंत आहे. लाकूड फोमच्या चारपांच पट उष्णता जाऊं देतें, पोलाद तर शेंकडों पट. म्हणून आंतून-बाहेरून पोलादी पत्र्याची चकचकीत पेटी दिसली, तर पत्र्याचा प्रभाव पडूं न देतां पत्र्याच्या आंत काय भरलें आहे तें विचारावें. १८९२ सालीं जेम्स ड्यूअर यानें शोधलेली निर्वात बाटली या सर्वांहून श्रेष्ठ. पण ती चहासाठीं किंवा लिटर-दोन लिटर पाण्यासाठीं ठीक. तेवढ्या गुणाची पेटी करावयाची म्हटली तर ती कोणासहि परवडणार नाहीं.

पेटीचें मर्म तिच्या झांकणांत असतें, आणि लबाडीहि बहुधा तेथेंच सांपडते. चारहि भिंतींत फोम भरून झांकण मात्र पोकळ ठेवलेल्या पेट्या पुष्कळ मिळतात. उन्हाचा मारा वरून येतो तो झांकणावरच. म्हणून दुकानांत पेटी हातीं येतांच प्रथम बोटाच्या पेरानें भिंत वाजवावी, मग झांकण वाजवावें. दोन्हींचा आवाज सारखा बद्द आला तर ठीक. झांकण डब्यासारखें घुमलें तर तें पोकळ आहे असें समजावें. त्यानंतर वहीच्या कागदाची एक पट्टी कांठावर ठेवून झांकण बंद करावें आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज निघाली तर त्या ठिकाणीं फट आहे. चारी बाजूंस, विशेषतः कोपऱ्यांशीं, ही परीक्षा करावी. कांठाला रबराची पट्टी असेल तर ती अखंड आहे ना, आणि जुनी झाल्यावर बदलतां येते ना, हें विचारावें.

किनाऱ्यावरील वापरासाठीं टिकाऊपणाची परीक्षा निराळी आहे. खारी हवा, वाळू आणि ऊन हे येथील तीन शत्रु. लोखंडी बिजागऱ्या व कड्या, वर कितीहि मुलामा असला तरी, दोनचार पावसाळ्यांत गंजतात. चांगल्या प्रतीचें न गंजणारें पोलाद किंवा जाड नायलॉन बरें. बिजागरी स्क्रूनें बसविलेली असावी, म्हणजे ती मोडली तर पेटी फेंकून द्यावी लागत नाहीं. तळाशीं पाणी सोडण्याचें बूच असेल तर तें आट्यांचें व रबरी चकतीचें असावें, आणि पेटींत पाणी भरून पांच मिनिटें उभें राहून त्याखालीं थेंब पडतो का तें पाहावें. मुलें पेटीवर बसणार हें गृहीतच धरावें. म्हणून दुकानांत विक्रेत्याच्या परवानगीनें मोठ्या माणसानें झांकणावर बसून पाहावें. ज्यास ही परवानगी देण्याचें धैर्य होत नाहीं त्याचा माल त्याच्यापाशींच राहूं द्यावा.

पेटीचा एक दोष डोळ्यांस दिसत नाहीं, पण तराजूस दिसतो. बाहेरच्या प्लास्टिकला तडा गेला कीं त्यांतून पाणी फोममध्यें शिरतें. पाणी हें फोमच्या वीसपटींहून अधिक उष्णता जाऊं देतें; त्यामुळें भिंत जाड दिसली तरी निकामी झालेली असते. म्हणून नवी पेटी आणल्याबरोबर तिचें वजन करून तें तळावर लिहून ठेवावें. दोन वर्षांनीं कोरड्या पेटीचें वजन वाढलेलें आढळलें तर ती पाणी प्याली असें समजावें. थर्मोकोलच्या पेटीची गोष्ट अधिक सरळ, ती मोडते. तिचे तुटलेले पांढरे दाणे वाळूंत मिसळले कीं वेंचतां येत नाहींत आणि कुजतहि नाहींत. ज्या किनाऱ्याच्या शोभेसाठीं एवढा प्रवास करावयाचा, तेथें हा कचरा मागें ठेवून येणें शोभत नाहीं.

आकाराविषयीं बहुतेकांची चूक मोठ्याकडे होते. चार माणसांच्या एका दिवसाच्या सहलीस २५ ते ३० लिटरची पेटी पुरते. तींत ५ किलो बर्फ, ६ लिटर पाणी व थोडें अन्न भरलें, तर रिकाम्या पेटीच्या वजनासह २० किलो सहज भरतात. आणि काशीदच्या मऊ वाळूंतून २० किलो वाहून नेणें म्हणजे काय, तें एकदां नेऊन पाहिल्यावांचून समजत नाहीं. लहान चाकें अशा वाळूंत रुततात. दोघांनीं दोन बाजूंस धरण्याचे मोठे, हातास न कापणारे कान अधिक उपयोगी. ज्यांस दोन-तीन दिवस राहावयाचें आहे किंवा दोन कुटुंबांची मासळी आणावयाची आहे त्यांनीं मोठी पेटी घ्यावी. तेथें एक लाभहि आहे. ६० लिटरच्या पेटीस ३० लिटरच्या दुप्पट बर्फ लागत नाहीं. दीडपटीहून थोड्या अधिक बर्फावर भागतें, कारण पृष्ठभाग हा घनफळाच्या प्रमाणांत वाढत नाहीं. 'टस्कनी'च्या पोटांतील बर्फ चार महिने टिकण्याचें हेंच मुख्य कारण होतें. परंतु मोठी पेटी अर्धी रिकामी ठेवली तर हा लाभ जातो.

आतां किंमतीचा विचार. स्वस्त आणि महाग हे शब्द पेटीच्या चिठ्ठीवरून ठरवूं नयेत. दर सहलीस काय पडतें त्यावरून ठरवावेत. समजा, एक साधी पेटी ६०० रुपयांस घेतली आणि तीन सहलींत मोडली. दर सहलीस २०० रुपये पडले. दुसरी मध्यम पेटी ३,००० रुपयांस घेतली, कुटुंब वर्षांतून तीनदां जातें, आणि पेटी आठ वर्षें टिकली. सहली २४ झाल्या, दर सहलीस १२५ रुपये पडले, शिवाय बर्फहि निम्मा लागला. तिसरी जाड भिंतींची पेटी २०,००० रुपयांस घेतली, तर १२५ रुपयांचा हाच दर पडण्यास १६० सहली केल्या पाहिजेत. वर्षांतून तीन सहली करणाऱ्यास त्यासाठीं त्रेपन्न वर्षें लागतील. पेटी तितकीं वर्षें टिकेलहि, पण ती उचलणारे हात टिकतील कीं नाहीं हा प्रश्न आहे. ज्यांचा धंदाच मासळीचा किंवा खानावळीचा आहे, जे दर आठवड्यास पेटी भरतात, त्यांस मात्र तीच सर्वांत स्वस्त. सामान्य शहरी कुटुंबानें मध्यम पेटी, पण भरीव झांकणाची, बदलतां येणाऱ्या बिजागऱ्यांची आणि निदान ३ सेंटिमीटर भिंतीची, एवढी निवड केली म्हणजे पैशाचें चीज झालें.

पेटी घरीं आली कीं निम्मेंच काम झालें. उरलेलें निम्में भरण्याच्या रीतींत आहे. आदल्या रात्रीं पेटी घराच्या थंड कोपऱ्यांत उघडी ठेवावी आणि त्यांत थोडा बर्फ किंवा गोठविलेली एखादी बाटली टाकून झांकावी, म्हणजे तिच्या भिंतींची ऊब रात्रींतच निघून जाते. विकतच्या रंगीत निळ्या पिशव्यांत बर्फापेक्षां अधिक थंडावा असतो असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. त्यांत बहुतेक पाणीच असतें. त्यांची सोय एवढीच कीं त्या गळत नाहींत. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या तीनचतुर्थांश भरून गोठविल्या तर बर्फ व पाणी या दोन्हींची गरज एकाच जागेंत भागते. बाटली काठोकाठ भरूं नये, कारण पाणी गोठतांना सुमारें एक-दशांश फुगतें. मोठी लादी सावकाश वितळते, चुरा लवकर वितळतो. पण चुऱ्यानें वस्तु लवकर थंड होते. म्हणून तळाशीं लादी किंवा गोठविलेल्या बाटल्या, आणि वस्तूंच्या भोंवतीं व वर थोडा चुरा, ही भरणी उत्तम. थंडी खालीं उतरते. सगळा बर्फ तळाशींच ठेवणें बरोबर नव्हे. बर्फांत मीठ टाकूं नये. मिठानें बर्फ अधिक गार होतो हें कुल्फीवाल्यास ठाऊक आहे, पण तो लवकर वितळतो हेंहि त्यास ठाऊक असतें. कुल्फीस घटकाभर पुरे, सहलीस दिवसभर हवें.

झांकण उघडण्याविषयीं घरोघर जी ओरड होते ती थोडी अवाजवी आहे. ३० लिटरच्या पेटींतील सगळी थंड हवा जाऊन बाहेरची दमट हवा आंत आली, तरी तिला थंड करण्यास सुमारें १० ग्रॅम बर्फ पुरतो. मुलांनीं दिवसांतून वीस वेळां पेटी उघडली तर २०० ग्रॅम बर्फ गेला. भिंतींच्या साडेचार किलोंपुढें तें कांहींच नव्हे. खरें नुकसान होतें तें झांकण अर्धवट लागून राहिल्यानें आणि पेटी उन्हांत ठेवल्यानें. काशीद, नागांव, दिवेआगर येथें किनाऱ्यालगत सुरूचीं बनें आहेत. पेटी त्यांच्या सावलींत, वाळूवर न ठेवतां चटईवर ठेवावी, आणि वर पांढरी चादर किंवा ओला पंचा टाकावा. मोटारींत ती मागील डिकींत न ठेवतां बसावयाच्या जागेंत, पायांशीं ठेवावी. बंद डिकी उन्हांत भट्टीसारखी तापते.

वितळलेलें पाणी लगेच सोडून द्यावें कीं ठेवावें, हा नेहमींचा वाद. बाटल्यांच्या पेटींतील पाणी ठेवावें. बर्फाबरोबर असेपर्यंत तें शून्याच्या आसपास असतें आणि बाटल्यांना सर्व बाजूंनीं भिडतें. अन्नाच्या डब्यांत तें शिरूं नये एवढी काळजी घ्यावी. मासळीच्या पेटींतील पाणी मात्र सोडीत जावें. त्यांत रक्त व घाण उतरते, आणि मासळी त्यांत भिजून लिबलिबीत होते.

आतां मूळ प्रश्नाकडे, परतीच्या मासळीकडे, वळूं. कोळी मंडळींची पद्धत पाहिली तर दुसऱ्या कोणास विचारण्याचें कारण नाहीं. होडींतील खणांत बर्फाचा थर, त्यावर मासळीचा थर, पुन्हां बर्फ, असे थर ते लावतात. उष्ण देशांत मासळीइतक्याच वजनाचा बर्फ घ्यावा असा नियम आहे, आणि आपला ८० चा हिशेब त्यास दुजोरा देतो. ५ किलो मासळी २८ अंशांवरून शून्यावर आणण्यास सुमारें दीड किलो बर्फ लागतो. मध्यम पेटीच्या भिंती सहा तासांत सव्वा किलो घेतात. म्हणजे पावणेतीन किलो तर हिशेबानेंच गेला. उरलेला बर्फ वडखळच्या रांगेसाठीं. घरीं पोंचल्यावर पेटींत थोडा तरी बर्फ शिल्लक दिसला पाहिजे. तोच मासळी थंड राहिल्याचा पुरावा. दिसला नाहीं आणि मासळी हातास कोमट लागली तर मोह आवरावा. मासळी विकत घेण्याचें काम निघण्यापूर्वीं अगदीं शेवटीं करावें, ती तेथेंच साफ करून घ्यावी आणि ताबडतोब बर्फांत घालावी. तासभर पिशवींत हिंडवून मग बर्फांत घालण्यांत अर्थ नाहीं. बाजारांतील बर्फाविषयीं एक सूचना. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फास निळसर रंग द्यावा असा नियम २०१८ सालीं झाला आहे. असा बर्फ मासळीच्या पिशवीबाहेर ठेवण्यास चालेल, पण सरबतांत तो कधींहि घालूं नये. रंग दिसला नाहीं म्हणून धक्क्यावरचा बर्फ पिण्यायोग्य ठरतो असेंहि नव्हे. जी पेटी मासळीसाठीं वापरली ती घरीं येतांच गोड्या पाण्यानें व साबणानें धुऊन, बूच काढून, झांकण उघडें ठेवून सावलींत वाळवावी.

ज्या घरांत मधुमेहाचा रोगी आहे त्या घरानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इन्शुलिनचा सांठा २ ते ८ अंशांत ठेवावयाचा असतो, आणि तें एकदां गोठलें तर निकामी होतें. पुन्हां पातळ झालें म्हणून त्याचा गुण परत येत नाहीं. तेव्हां औषधाची कुपी बर्फास टेकून ठेवूं नये. ती कोरड्या डब्यांत घालून, डबा जाड पंच्यांत गुंडाळून, पेटीच्या वरच्या भागांत ठेवावी. गोठवितांना शून्याखालीं बऱ्याच अंशांवर गेलेल्या बाटल्यांपासून तर ती विशेष दूर ठेवावी.

शेवटीं पेटीची खरी परीक्षा. ती दुकानांत होत नाहीं, घरीं होते, आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं करावी. संध्याकाळीं ४ किलो बर्फ मोजून पेटींत घालावा, झांकण लावावें आणि पेटी घरांत सावलीच्या जागीं ठेवावी. बारा तासांनीं तळाचें बूच काढून निघालेलें पाणी लिटरच्या मापानें मोजावें. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो बर्फ गेला. पाणी सव्वादोन लिटर भरलें तर पेटी मध्यम प्रतीची. दीड-दोन लिटरच्या आसपास भरलें तर उत्तम. साडेतीन लिटर भरलें तर झांकणाची फट शोधावी, आणि ती बुजवितां येत नसेल तर पेटी दुकानदाराकडे परत न्यावी. आलेला आंकडा झांकणाच्या आंतल्या बाजूस लिहून ठेवावा. पुढील सहलीस किती बर्फ न्यावयाचा, वडखळला दोन तास अडकलें तर काय होईल, आणि रविवारीं मुरुडच्या बाजारांत किती मासळी घेण्याचें धाडस करावें, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर त्या एका आंकड्यांत असतें.